वाकायचं कोणी?

माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे. होडी छपराखाली मावत नसेल तर छप्पर उंच करावं, होडीला वाकायला लावू नये. हे मत मी बँकेत सांगितलं आहे, घरात सांगितलं आहे, आणि नांदेडहून लातूरला जाताना एसटीत शेजारच्या प्रवाशाला, त्याने विचारलेलं नसताना, सविस्तर सांगितलं आहे. तो अहमदपूरला उतरून गेला. तिकीट मात्र त्याचं लातूरचं होतं असं मला अंधुक आठवतं.

आता तुम्ही म्हणाल, जन्म लातूरचा, नोकरी नांदेडची, शिक्षण बी. कॉम., आणि या गृहस्थाला होडीच्या छपराची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, त्या लातूरच्या माणसाने होडीवर बोलणं म्हणजे एकादशीच्या दिवशी बासुंदीत साखर किती असावी यावर वाद घालणं. पण विषय मी काढलेला नाही. तो दाजींनी काढला.

दाजी म्हणजे आमच्या थोरल्या ताईचे यजमान. बरीच वर्षं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात आहेत. तिथे मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. आपल्या एमएच २४ आणि एमएच २६ च्या पाट्यांवर तशाच धर्तीवर काय छापता येईल, याचा मी एका दुपारी विचार केला आणि सोडून दिला.

तर या दाजींकडे तळ्याकाठी एक बोट लिफ्ट आहे. आमच्याकडे लिफ्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती विष्णुपुरी. गोदावरीचं पाणी पंपांनी वर उचलायचं आणि कालव्यात सोडायचं. आम्ही पाणी उचलतो, ते होडी उचलतात, एवढाच फरक. काठाजवळ तळ्याच्या तळावर चार पायांचा सांगाडा उभा करतात. त्यात पाळणा. होडी आत आणायची, चाक फिरवायचं किंवा मोटर चालू करायची, की पाळणा वर येतो आणि होडी पाण्याबाहेर. नाही तर बुडाला शेवाळ धरतं आणि वाऱ्यावादळात ती धक्क्यावर आपटत बसते. आतल्या गाद्या उन्हाने विटू नयेत, पाखरांनी घाण करू नये, म्हणून त्याच सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट आणि तिच्यावर रेक्झिनसारखं जाड कापड ताणलेलं. मांडवच म्हणा. नवरी वर उचलून ठेवलेली, एवढंच.

दाजींची जुनी होडी या मांडवात सुखाने नांदत होती. मग त्यांनी नवी घेतली, आणि तिच्या डोक्यावर टॉवर आला. टॉवर म्हणजे नळ्यांची एक उंच कमान. होडीमागे फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचा खेळ असतो. त्यातला दोर असा उंचावर बांधला की खेळणाऱ्याला ओढ वरून मिळते आणि उडी चांगली जाते. या कमानीला पुन्हा दिवे, फळ्या अडकवायचे आकडे आणि कर्णे. मिरवणुकीतला डीजेचा टेम्पो तळ्यात उतरवला तर जे दिसेल तेच.

होडी पाण्यावर तरंगत मांडवात शिरली तेव्हा टॉवर वर न लागता आत गेला. दाजींनी फोटो टाकला, आम्ही सगळ्यांनी अंगठे टाकले. मग त्यांनी मोटर चालू केली. होडी वर येऊ लागली आणि अर्ध्यावर टॉवर चौकटीला जाऊन भिडला. धड पाण्यात नाही, धड बाहेर नाही. बढतीच्या यादीत नाव आहे पण ऑर्डर निघालेली नाही अशा माणसाची होते तीच तिची अवस्था.

मापाची खरी गोम इथेच आहे. लोक होडी तरंगत असताना माप घेतात. अहो, ती वर जाणार आहे ना? मग पाळणा पूर्ण वर असताना, टॉवरवरच्या सगळ्यात उंच दिव्याच्या टोकापर्यंत मोजलं पाहिजे, आणि त्यावर वीतभर मोकळी जागा. शिवाय सांगाडा तळाला टेकलेला असतो, त्याची उंची कायम. पाणी मात्र चढतं-उतरतं. बर्फ वितळून तळं भरलं की जी होडी काल बिनबोभाट आत गेली ती आज दारातच अडते. हे ज्याला पटत नसेल त्याने जून आणि सप्टेंबर अशा दोन महिन्यांत गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या मोजाव्यात.

यावर उपाय दोन. एक, चौकटीच्या पायांना जोड देऊन मांडव वर उचलणं. दुसरा, टॉवर बिजागरीचा आहे, तो रोज आडवा पाडणं. दाजींनी दुसरा निवडला. "अरे, काय पाच मिनिटांचं तर काम आहे," म्हणाले. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात, पण हिशेब मला येतो. सकाळी पाच मिनिटं उभा करायला, संध्याकाळी पाच मिनिटं पाडायला. मोसम चार महिन्यांचा धरला तर वीस तास झाले. दर वर्षी वीस तास तुम्ही तळ्यावर जाऊन बिजागरीची खीळ काढत-घालत बसणार."

"साळेबुवा, रोज थोडीच जातो मी?" दाजी म्हणाले.

म्हणजे पाहा! टॉवर पाडण्याचा कंटाळा म्हणून होडी काढणंच कमी झालेलं. माझं भांडण आहे ते या वृत्तीशी. एकदा वर करायचं ते करायचं नाही, आणि जन्मभर खाली वाकायचं. ही वृत्ती मिनेसोटात गेली कशी, याचं मला कोडं नाही. ती आमच्याकडून विमानाने गेली. लातूरच्या आमच्या जुन्या घराची चौकट इतकी ठेंगणी होती की पाहुणा आला की "या, बसा"च्या आधी "सांभाळून, डोकं!" असं म्हणायची पद्धत होती. तीन पिढ्यांनी हे वाक्य म्हटलं. चौकट एक वीत उंच करावी असं एकाही पिढीला सुचलं नाही. उलट आमचे एक चुलते सांगायचे की दार ठेंगणं असलं म्हणजे माणूस नम्र होऊन आत येतो. नम्र होऊन आलेले किती तरी लोक कपाळ चोळत बाहेर गेलेले मी पाहिले आहेत.

गणपतीच्या मिरवणुकीत एक माणूस असतो, बांबूवाला. मूर्ती दर वर्षी हातभर वाढते, तारा आहेत तिथेच. मग हा पठ्ठ्या हातात बांबू घेऊन पुढे चालतो आणि चौकाचौकात विजेची तार बांबूने वर उचलून धरतो, खालून देव जातात. त्याला ना वर्गणीत सूट, ना आरतीचा मान. विसर्जनाची खरी भिस्त त्याच्यावर, आणि त्याचा जीव बांबूच्या कोरडेपणावर. बिजागरीचा टॉवर म्हणजे हाच बांबूवाला, दुसरं काय?

आमच्या बँकेतल्या कॅशिअरसाहेबांना मी हे सगळं ऐकवलं. ते नोटा मोजत म्हणाले, "होडीला छप्पर म्हणजे श्रीमंतांचे चोचले." शिपाईमामा त्यांच्याही पुढे गेले. "साहेब, तुम्ही उगं कशाला बोलायलाव? आपल्याकडं माणसाला छप्पर नाही!" टाळ्या शिपाईमामांना मिळाल्या. पण म्हणून मुद्दा खरा ठरत नाही. कोकणात जाऊन बघा. पावसाळ्यात मासेमारी बंद होते तेव्हा कोळी आपली होडी किनाऱ्यावर ओढून नीट शाकारून ठेवतात. ते काय चोचले करतात? होडी त्यांचं पोट आहे. ज्याला होडीची किंमत कळते तो तिच्यावर छप्पर घालतो आणि ते होडीच्या मापाने घालतो.

दाजींचा एक मुद्दा मात्र मी मानतो. मांडव जितका उंच तितका तो वारा धरतो. बरोबर आहे. तिकडे वादळात असे मांडव उडतात, आणि हिवाळ्यात बर्फाचं ओझं नको म्हणून कापड उतरवूनच ठेवतात. तेव्हा उंच करायचा तर पाय पक्के हवेत, ताण हवेत, आणि वादळाची बातमी आली की कापड सोडता आलं पाहिजे. पण वाऱ्याचं भय दाखवून मला गप्प करता येणार नाही. छपराचं भय लातूरच्या माणसाला शिकवू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जन आटोपून लोक झोपलेले. किल्लारीत आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, सगळ्या बाजूंनी सोयीचं घर. चार वाजायला आले असताना जमीन हलली आणि हजारो माणसं आपल्याच छपराखाली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे कित्येक रात्री आम्ही घर शाबूत असून अंगणात झोपलो. नंतर पत्र्याच्या शेडला कोणी नावं ठेवली की आमची आजी म्हणायची, "तापू दे तापलं तर. अंगावर तर येत नाही." छपराचा हिशेब चांगल्या दिवसावरून करायचा नसतो, वाईट रात्रीवरून करायचा असतो, हे तिला बी. कॉम. न होता कळलं होतं.

आणि मनात आणलं तर उंच करता येतं. रेल्वेने करून दाखवलं आहे. एकावर एक ठेवलेले दोन कंटेनर विजेच्या तारेखालून जात नव्हते. रेल्वेने कंटेनर चेपले नाहीत, की पुढे बांबूवाला पळवला नाही. तार वर नेली. जून २०२० मध्ये गुजरातेत पालनपूर ते बोटाद या मार्गावर ७.५७ मीटर उंचीच्या तारेखालून तशी गाडी धावली. सरकारी खातं हे करू शकतं तर आमच्या दाजींना चार पायांना चार जोड लावायला काय हरकत आहे?

शिपाईमामांना उत्तर द्यायचं राहिलं. मामा, होडी ही आपलीही गरज आहे. ज्या मांजरा धरणाच्या तळात २०१६ साली भेगा पडल्या होत्या, त्याच नदीचं पाणी पुढे शेतांत शिरल्याचंही आपण पाहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावं वेढली आणि लष्कर बोलवावं लागलं. अशा रात्री होडी दहा मिनिटांत निघाली पाहिजे. दहा वर्षांतून एकदाच लागते, म्हणून तर ती बाकीची सगळी वर्षं नीट ठेवावी लागते. उन्हात पडलेलं रबर तडकतं, फायबर पिठूळ होतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

एका कार्यालयाच्या आवारात, नाव घेत नाही, मी अशी एक होडी पाहिली. लिंबाच्या झाडाखाली गाड्यावर ठेवलेली, आत पाला आणि कावळ्यांची कृपा. शेजारीच पत्र्याची चांगली लांबरुंद शेड, तिच्यात साहेबांची जीप आणि चार स्कूटी. मी तिथल्या बाबूंना विचारलं, "होडी शेडमध्ये का नाही?"

"गाड्यावर चढवली की मागचं इंजिन पत्र्याला लागतं."

"मग इंजिन कुठाय?"

"काढून स्टोअरमध्ये ठेवलंय. कुलपात."

"आणि किल्ली?"

"स्टोअरकीपरकडं. ते उदगीरहून अपडाऊन करतात."

मी आभाळाकडे पाहिलं. ढग तसे फार नव्हते. "शेड दोन फूट उंच केली तर?" मी विचारलं.

"इस्टिमेट पाठवलंय की," बाबू म्हणाले, आणि आत जाताना शेडच्या कडेला सवयीने मान खाली घालून गेले.