विश्लेषण : मनमाडजवळच्या काळविटांचे उद्याचे राखणदार कोण?

मनमाडपासून जवळच, येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. ममदापूरला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. तरीही उन्हाळ्यात पाण्यासाठी हरणे वस्तीकडे येतात. मोकाट कुत्री आणि कठडा नसलेल्या विहिरी त्यांच्या जिवावर बेततात. अशा वेळी पहिली मदत गावातूनच लागते.

ही आस्था येते कुठून?
अनेकदा लहानपणच्या भटकंतीतून. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींना रानाची ओळख करून दिली ती आई आणि मामांनी. पुढे त्यांनी वनखात्यात ३६ वर्षे काढली, ‘पक्षीकोश’ लिहिला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग करायचे काय?
मनमाडच्या शाळांची एक सहल ममदापूरला नेता येईल. काळविटाची झेप डोळ्यांनी पाहिलेली मुलेच उद्या विहिरीतल्या पाडसासाठी धावतील.