जुना फोन, खरा चेहरा

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाहुणे जमले होते. जेवणं उरकली, आम्ही बायका मागचं आवरत होतो आणि पुढच्या खोलीत पुरुषमंडळींची सभा भरली. विषय धंद्याचा नाही, मुलांच्या शिक्षणाचा नाही. नव्या फोनचा कॅमेरा मागच्या फोनपेक्षा किती चांगला, हा विषय. दिरांनी दोन्ही फोनवर समईचे दोन फोटो काढले आणि ते बोटांनी ताणताणून सगळ्यांना दाखवले. पुतण्या मला म्हणाला, "बघा काकू, केवढा फरक आहे!" मी चष्मा लावून पाहिलं. मला दोन समया दिसल्या. दोन्ही घासायच्या राहिल्या होत्या.

सगळे हसले, मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हसू गेलं. त्या खोलीत जेवढे नवे फोन होते ते सगळे पुरुषांच्या हातात होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जे फोन पडले होते ते सगळे उतरलेले. एक दिरांचा आधीचा, एक मुलाचा आधीचा, आणि माझा तर आमच्या ह्यांनी वापरून मुलाला दिलेला आणि मुलाने मला दिलेला. पूर्वी मोठ्या जावेची साडी धाकटीकडे यायची, तसं आता फोनचं झालंय. आणि गंमत अशी, की घरातले निम्म्याहून जास्त फोटो आम्हीच काढतो. मुलांचे, नातवंडांचे, पूजेचे, पाचव्या उपवासाच्या पारण्याचे. त्यातल्या एकाही फोटोत आम्ही नसतो, ते वेगळंच.

म्हणजे आता मी बायकांनाही नवे फोन द्या असं म्हणणार, असं वाटलं असेल तर थांबा. मला अगदी उलट म्हणायचंय. आपल्या हातातला उतरलेला फोन पुरेसा आहे. पुरेसा नाही असं आपल्याला सांगितलं जातं, आणि ते सांगण्यात कोणाचा तरी गल्ला भरतो.

आधी आकड्यांचं बघू, कारण दुकानात पहिला मारा आकड्यांचाच होतो. आयफोनच्या साध्या मॉडेलचा मुख्य कॅमेरा 2015 पासून 2022 पर्यंत 12 मेगापिक्सेलचाच होता. सात वर्षं लोक 'नवा कॅमेरा' म्हणून रांगा लावत होते, आकडा तोच. आत बदल झाले, नाही असं नाही. पण मेगापिक्सेल वाढल्यानेच फोटो सुधारतो, असं जे आपल्याला पढवलं जातं ते खरं नाही, एवढं त्यावरून कळतं. दुसरीकडे 108 आणि 200 मेगापिक्सेलचे फोन आले. ते नेहमीच्या वापरात नऊ-नऊ किंवा सोळा-सोळा ठिपक्यांचा एक ठिपका करतात आणि शेवटी आपल्या हातात साधारण 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतात. सोळा वाट्या पीठ भिजवून एक भाकरी केल्यासारखं आहे. भाकरी चांगली होत असेलही, पण बिल सोळाचं कशाला?

आणि या फोटोचं आपण करतो काय? व्हॉट्सॲपवर टाकतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लहान होऊन साधारण दोन मेगापिक्सेलचा उरतो. अल्बममध्ये लावतो त्या चार बाय सहा इंची प्रिंटलाही तेवढेच पुरतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या फोनमध्येही आपल्या कामापेक्षा जास्त होतं. आपण पुढचं घेतच गेलो.

दुकानात मीही गेले होते. जुन्या फोनची बॅटरी टिकत नव्हती म्हणून. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बेन, जूनो आपी दो, सारो भाव आपीश." मी म्हटलं, भाई, मला बॅटरी बदलून हवी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फाटक्या चपलेला टाके घालायला आलेय. मग दुसऱ्या गल्लीतल्या कारागिराकडे गेले. त्याने बॅटरी बदलली, आणि लेन्सवर फडकं फिरवून मला म्हणाला, आता फोटो काढून बघा. मी काढला. तीन महिने मी ज्याला 'कॅमेरा गेला' म्हणत होते तो तेलकट बोटाचा डाग होता. कणीक मळता मळता फोन उचलणाऱ्या बाईच्या कॅमेऱ्याला दुसरं काय होणार!

पण पैसे जातात एवढंच दुःख असतं तर मी हा लेख लिहिला नसता. आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते.

माझी भाची सांगलीची. शिकायला माझ्याकडे बडोद्याला राहिली. शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि वधू-वर परिचय मेळाव्यासाठी तिचा फोटो पाठवायची वेळ आली. मुलगी सावळी. आमच्या माहेरी सगळेच सावळे. तिने माझ्या जुन्या फोनवर गच्चीत काढलेला एक फोटो निवडला होता. वहिनीचा सांगलीहून फोन आला, "जरा बरा पाठवा की वन्सं." बरा म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुतण्याच्या नव्या फोनवर एक ॲप होतं. त्यात एक पट्टी सरकवली की रंग उजळतो, दुसरी सरकवली की गाल आत जातात, तिसरी सरकवली की डोळे मोठे होतात. मी तिन्ही सरकवल्या. माझ्याच बोटाने. तो फोटो मेळाव्याच्या पुस्तिकेत छापून आला.

पुढे एका ठिकाणची मंडळी पाहायला आली. चहा झाला, पोहे झाले. निघताना मुलाची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "फोटोत वेगळी दिसत होती." तेवढंच. भाची दारातच उभी होती. ती काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "आत्या, त्यांनी मला नाकारलंच नाही. त्यांना मी दिसलेच नाही. तुम्ही पाठवलेली जी कोण मुलगी होती ती त्यांना हवी होती, आणि ती आपल्या घरात राहत नाही." मला घास गिळवेना.

हे केवळ माझ्या घरचं नाही. समाजाच्या कुठल्याही परिचय पुस्तिकेची पानं उलटून बघा. सगळ्या मुली एकाच आईच्या वाटतात. तीच कातडी, तोच उजेड, तेच डोळे. गोरेपणाच्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द 2020 साली कंपनीने काढून टाकला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. तो शब्द कुठे गेला नाही. डबीवरून उतरला आणि फोनच्या आत जाऊन बसला.

फोन हे करतो कसं, तेही समजून घ्यायला हवं. आजचा फोन एक फोटो काढतच नाही. आपण बटण दाबलं की तो भराभर अनेक फोटो घेतो, ते एकमेकांत मिसळतो, अंधार उजळतो, कडा कोरतो. 'पोर्ट्रेट'मध्ये मागचं धूसर होतं ते लेन्सने नव्हे, हिशोबाने होतं. म्हणून तर कधी मोकळे केस, कधी कानातल्याची कडा मागच्या भिंतीबरोबर पुसली जाते. इथवर ठीक आहे. जे होतं तेच जरा नीट दाखवलं. पण पुढची पायरी वेगळी आहे. 2023 मध्ये एका माणसाने चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर केलं, संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. समोरच्या चित्रात नव्हते ते डाग आणि खळगे फोटोत उमटले. चंद्र कसा असतो ते फोनला आधीच शिकवलेलं होतं. कंपनीनेही पुढे खुलासा केला, की चंद्र ओळखून बारकावे उठावदार करण्याची ती सोय आहे आणि ती बंद करता येते.

चंद्राचं काही बिघडलं नाही. पण मुलगी कशी असावी हेही फोनला कोणीतरी आधीच शिकवून ठेवलंय, आणि तिच्या चेहऱ्यात जे नाही ते तो भरतोय, जे आहे ते पुसतोय. तिच्या हनुवटीवरची खूण, आजीकडून आलेला रंग, जागरणाने आलेली डोळ्यांखालची सावली. सगळं पुसून वर 'छान' म्हणतोय.

कोणी म्हणेल, पूर्वी स्टुडिओत नव्हते का फोटो सुधारत? सुधारत होते. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत होते. पण ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा, आणि करणारा परका माणूस. आज मुलगी दिवसातून दहा वेळा आपला चेहरा पाहते आणि दहाही वेळा तो तिचा नसतो. मग आरशात जे दिसतं ते तिला चूक वाटायला लागतं. हे ज्यांनी बनवलं त्यांनाही कळतं. गूगलने 2020 मध्ये जाहीर केलं, की आपल्या नव्या पिक्सेल फोनमध्ये चेहरा सुधारण्याची सोय आधीपासून चालू ठेवणार नाही. हवी तर वापरणाऱ्याने स्वतः चालू करावी. कंपनीला जे उमगलं ते आपल्याला, आया-आत्यांना, उमगू नये?

दुसरं कोणी म्हणेल, नव्या फोनचा काहीच उपयोग नाही का? आहे. रात्रीचे फोटो खरंच चांगले येतात, हलत्या मुलाचे येतात. आणि फोन इतका जुना झाला की कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद पडले, तर बँकेच्या कामासाठी तो बदलावाच. गरज पडली की घ्यावा. तुलना करून करून गरज निर्माण करू नये, एवढंच.

याच बडोद्यात होमाई व्यारावाला राहत होत्या. जन्म 1913, नवसारीचा. भारतातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार स्त्री. दिल्लीत साडी नेसून, जड सामान घेऊन सायकलवरून हिंडायच्या. सुरुवातीला तर त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. स्पीड ग्राफिक कॅमेरा, त्यात एकेक फिल्म घालायची. रोलिफ्लेक्स, त्याच्या रोलवर बारा फोटो. लाल किल्ल्यावरचा तिरंगा, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं त्यांनी अशा मोजक्या फिल्मवर टिपलं. पडद्यावर लगेच बघायची सोय नाही, सुधारायला पट्टी नाही. उजेड कुठून येतोय, माणूस कुठे वळणार, आपण कुठे उभं राहायचं, हे सगळं बटण दाबायच्या आधी ठरवायचं. 1970 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या फोटोवाल्यांची धक्काबुक्की त्यांना पटेना. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि 15 जानेवारी 2012 रोजी त्या बडोद्यातच गेल्या. त्याच शहरात मी भाजी आणत होते आणि एकदाही त्यांना भेटायला गेले नाही, याची रुखरुख मला आहे.

त्यांच्या जुन्या फोटोंतली माणसं पाहिली की कळतं. सुरकुत्या सुरकुत्यांच्या जागी आहेत. म्हणूनच ती माणसं जिवंत वाटतात.

आपण श्राविका. परिग्रहाचं परिमाण म्हणजे काय ते आपल्याला कोणी वेगळं शिकवायला नको. किती साड्या, किती दागिने, याची मर्यादा आपल्या आज्या घालून घेत. तत्त्वार्थसूत्राने परिग्रह म्हटलं आहे ते वस्तूला नव्हे, तिच्यावरच्या आसक्तीला. मग दर वर्षी दोन फोन शेजारी धरून ताणताणून बघणं हे दुसरं काय आहे? आणि सत्याचं अणुव्रत फक्त तोंडाने बोलण्यापुरतं आहे का? बोटाने सरकवलेली पट्टी त्यात येत नाही का? मी सरकवली होती. म्हणून स्वतःलाच आधी विचारते.

भाचीने पुढच्या मेळाव्याला गच्चीवरचाच फोटो पाठवला. वहिनीला मीच फोन करून सांगितलं. वहिनी बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बघा, तुमची जबाबदारी." मी म्हटलं, हो, माझी. लग्न अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा ठरेल. पण आता दार उघडल्यावर जी मंडळी आत येतात ती तिलाच पाहायला येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, माझं मागणं मोठं नाही. फोटो काढायच्या आधी पदराने लेन्स पुसा. मुलीला खिडकीशी उभी करा, उजेड समोरून येऊ द्या. ब्यूटीची सोय चालू असेल तर बंद करा. नाही सापडली तर घरातल्या एखाद्या मुलाला बसवून शोधून घ्या. आणि परिचय पुस्तिका काढणाऱ्या मंडळांनी अर्जावर एक ओळ छापावी, रंग-रूप बदललेला फोटो घेतला जाणार नाही. त्या एका ओळीने किती मुलींच्या छातीवरचा दगड उतरेल, ते मला माझ्या घरातल्या एकीवरून माहीत आहे.