दिल्लीची पहाट आणि बलार्धाची मर्यादा

गेल्या जानेवारीत एका परिषदेच्या निमित्ताने आम्हांस चार दिवस दिल्लीत राहण्याचा योग आला. ब्राह्ममुहूर्ती उठून चार-पाच किलोमीटर धावण्याचा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ असून, प्रवासातही तो मोडावयाचा नाही असा आमचा बाणा आहे. मुक्काम लोदी उद्यानाजवळ होता. पहिल्याच पहाटे अंगास तीळतेल चोळून, कानटोपी घालून आम्ही बाहेर पडलो. दिल्लीत त्या दिवसांत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. त्यास अद्याप पाऊण तासाचा अवकाश होता. वारा मुळीच नव्हता. बडा गुंबदाचा केवळ आकार दिसत होता, आणि दिव्यांभोवतीच्या पांढुरक्या वलयास आम्ही भाबडेपणाने धुके समजलो.

दुसऱ्या फेरीत घसा जळजळू लागला. छातीत जडपणा आला, कोरडा खोकला सुरू झाला आणि आम्ही बाकावर बसलो. तेथील एक वृद्ध पहारेकरी जवळ येऊन म्हणाला, ऊन पडल्यावर या, आता हा धूर आहे. जे त्या पहारेकऱ्यास ठाऊक होते, ते तीस वर्षे वैद्यकी करणाऱ्या आम्हांस ठाऊक नसावे, याची लाज वाटली.

त्याहून अधिक बोचली ती दुसरीच आठवण. नोकरीनिमित्त दिल्लीकडे गेलेला आमचा एक तरुण रुग्ण आहे. त्यास लहानपणापासून तमकश्वासाची प्रवृत्ती. हेमंतात बल उत्तम व अग्नी प्रदीप्त असतो, तेव्हा रोज पहाटे धावत जा, असे आम्हीच त्यास सांगितले होते. रात्रीचा खोकला वाढल्याचे त्याने दूरध्वनीवरून कळविले, तेव्हा आम्ही दही बंद करावयास सांगून मोकळे झालो. तो कोणत्या हवेत धावतो, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

दोष शास्त्राचा नव्हे, आमच्या अर्धवट वाचनाचा आहे. शीतकाळी व वसंतात व्यायाम करावा, हे वाग्भटाचार्यांचे वचन आपणा सर्वांस मुखोद्गत असते. परंतु तो बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, तोही अर्ध्या शक्तीने करावा, हा त्याच वचनाचा भाग आपण घाईत गाळतो. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात बलार्धाचे लक्षण सांगितले आहे: व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला की अर्धे बल खर्ची पडले. म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे. दूषित हवेत या लक्षणाचे मोल दुप्पट होते. कारण धावताना श्वासावाटे जाणारी हवा कित्येक पट वाढते आणि नाकाची स्वाभाविक गाळणीही टळते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण परीक्षेपुरता वाचतो. गंगातीरी, पांचाल देशातील कांपिल्य येथे पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेशास तो सांगितला. त्यात विकृत वायूची लक्षणे दिली आहेत: ऋतूस न साजणारा, अतिशय स्तब्ध, अतिशीत, असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांनी दूषित झालेला. दिल्लीतील हिवाळी पहाटेचे याहून नेमके वर्णन दुसरे कोणते असेल?

आधुनिक विज्ञान याची कारणमीमांसा देते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. वाहनांचा, कारखान्यांचा व शेकोट्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. दुपारी ऊन तापले म्हणजे तो बराचसा वर विरतो. म्हणून सामान्यतः जी वेळ आपण सर्वांत शुद्ध मानतो, तीच तेथे सर्वांत अशुद्धांपैकी ठरते. अडीच मायक्रॉनपेक्षा सूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सुचविली. २०१७ च्या नोव्हेंबरातील दिल्ली अर्धमॅरेथॉन पुढे ढकलावी, अशी मागणी भारतीय वैद्यक संघटनेने केली होती. ती शर्यत तरीही झाली. अलीकडे ती ऑक्टोबरातच घेतली जाते. हा प्रश्न दिल्लीपुरताच आहे असेही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली होती.

औषधनिर्मात्या व औषधविक्रेत्या बंधूंस येथे स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. हिवाळा आला की अवलेह, काढे व नस्यतेले प्रदूषणाचे कवच म्हणून विकण्याचा मोह होतो. च्यवनप्राश हे रसायन आहे. नियमाने सेवन करणाऱ्याच्या बलासाठी ते आहे. चमचाभर घेऊन धुरात धावण्याचा तो परवाना नव्हे. प्रतिमर्श नस्याने नाकाचा रूक्षपणा कमी होईल. परंतु केसाच्या सुमारे तिसाव्या भागाइतका कण तेलाच्या थेंबाने अडतो, असे सांगणे ही फसवणूक आहे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आहेच. पण कायद्यापूर्वी विश्वास जातो आणि तो परत मिळत नाही.

मग रुग्णास सांगावे काय? आम्ही आता इतकेच सांगतो. हिवाळ्यात मोठ्या शहरी जाणाऱ्याने प्रथम त्या दिवसाचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहावा. तो २०० च्या वर असेल तर धावणे सोडून खोलीतच सूर्यनमस्कार घालावेत. बाहेर जावयाचेच असल्यास ऊन वर आल्यावर, रहदारीपासून दूर, चालण्यापुरते जावे. श्वासाच्या वा हृदयाच्या रुग्णाने अशा दिवशी घरीच राहावे आणि नेहमीची औषधे, श्वासातून घ्यावयाचे औषधही, आपल्या मनाने बंद करू नयेत. दिनचर्या मोडली असे मानू नये. देशकाल पाहून ती बदलणे हीच खरी दिनचर्या होय.

परतल्यावर त्या तरुणास आम्ही स्वतः दूरध्वनी केला आणि आमचा सल्ला मागे घेतला. त्याने शांतपणे विचारले, "डॉक्टर, हे तुम्हांला आधी ठाऊक नव्हते का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपणांपैकी कोणावरही हा प्रश्न ऐकण्याची वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.