फुलं सगळ्यांना हवीत, पात कुणालाच नको

दर मे महिन्यात येतं तसं यंदाही पत्र आलं. न्यू जर्सीत आम्ही राहतो त्या वसाहतीच्या मंडळाचं. घरासमोरच्या वाफ्यातली लोळलेली, पिवळी पडू लागलेली पानं ताबडतोब काढावीत, वसाहतीच्या शोभेला बाधा येते, वगैरे वगैरे. एप्रिलमध्ये याच वाफ्यासमोर उभं राहून लोक फोटो काढत होते! तेव्हा जी शोभा होती, तिची पाच-सहा आठवड्यांत बाधा झाली.

तर मंडळी, आज जरा भांडायचंच आहे.

डॅफोडिल काय, ट्यूलिप काय, ही सगळी कंदाची मंडळी. कंद म्हणजे झाडाने स्वतःसाठी भरून ठेवलेला डबा. वसंतात फूल येतं ते मागच्या वर्षीच्या डब्यातलं खाऊन. फूल म्हणजे खर्च. कमाई नंतर, फूल सुकल्यावर, पानं उन्हात उभी राहून करतात. त्यातही डॅफोडिलची गंमत अशी, की पुढच्या एप्रिलचं फूल कंदाच्या पोटात याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला धरायला लागतं. आणि नेमकं त्याच वेळी आपण कात्री घेऊन जातो! मग पुढच्या वर्षी नुसती हिरवी पाती वर येतात, फुलाचा पत्ता नाही. इकडचे माळी अशा कंदाला 'आंधळा' म्हणतात. आंधळा तो नव्हे, कात्री चालवणारा.

हे मी एवढ्या तावातावाने सांगतोय, कारण तो कात्रीवाला मीच होतो.

2018 साली आई आमच्याकडे सहा महिने राहून गेली. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनी मिळून डॅफोडिलचे पन्नास कंद लावले. खड्डे मी खणले, कंद तिने ठेवले. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, शेंडा वर, हे पाकिटावरचं मी वाचून दाखवत होतो आणि ती "बरं बरं" म्हणत आपल्या अंदाजाने लावत होती. नोव्हेंबरात ती निफाडला परत गेली. 2019च्या एप्रिलमध्ये जवळजवळ सगळे फुलले. तिला फोटो पाठवला, तिने तो गावभर दाखवला.

मग मे महिन्यात मंडळाचं पत्र आलं. त्याच आठवड्यात घरी सत्यनारायण होता, पन्नास माणसं यायची होती. मी सकाळी उठून सगळी पानं जमिनीसरशी कापली. वाफा कसा छान स्वच्छ झाला!

2020च्या एप्रिलमध्ये फुलं आली अकरा. तेव्हा तिकडे लॉकडाऊन, आई घरात एकटी. फोनवर रोज विचारायची, "फुलली का रे?" मी काय केलं असेल? मागच्या वर्षीचाच फोटो पाठवला.

पाच मिनिटांत तिचा फोन. "अरे, दारात तुमची जुनी निळी गाडी कशी? ती तर विकलीस ना?"

मी गप्प.

"पात कधी कापलीस?"

मी कापल्याचं तिला बोललोही नव्हतो. पण निफाडची बाई ती, जन्म कांद्यात गेलेला. "अरे, माना पडायच्या आधी पात कापली तर कांदा पोसतो का? हे काय तुला अमेरिकेत जाऊन शिकायचं होतं?"

खरंच की! कांदा आणि डॅफोडिल वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले, भाऊबंदच. थंडी जास्त झाली की कांद्याला डेंगळे येतात म्हणून आपल्याकडे शेतकरी वैतागतो. आणि इथे फूल नीट यावं म्हणून ट्यूलिपला बारा-पंधरा आठवडे थंडी लागते. (मावशी, नाशिकला ट्यूलिप का टिकत नाही, त्याचं उत्तर हेच!)

आमच्या शेजारीणबाई कापत नाहीत, त्या डॅफोडिलच्या पानांच्या वेण्या घालून रबर लावतात. दिसतं नीटनेटकं, पण वेणीच्या आतल्या पानाला ऊन कुठून मिळणार? ही कात्रीचीच सभ्य बहीण.

कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, दरवर्षी नवे कंद आणावेत. दुकानदाराचंही तेच म्हणणं असतं! हॉलंडच्या कॉकेनहॉफ बागेत दर शरद ऋतूत सुमारे 70 लाख कंद नव्याने लावतात आणि हंगाम संपला की उपटतात. 'सिलसिला'पासून (1981) आपल्या डोळ्यांत तीच ट्यूलिपची शेतं बसलीत. पण ते प्रदर्शन आहे, अंगण नव्हे.

ट्यूलिपच्या बाबतीत त्या दुकानदाराचं थोडं खरंही आहे, हे कबूल करतो. ते मूळचं मध्य आशियातल्या डोंगरांतलं, उन्हाळा कोरडा लागणारं. शिवाय फुलल्यावर मूळ कंद संपतो आणि त्याच्या जागी लहान पिल्लं उरतात. आमच्या ओल्या उन्हाळ्यात ती बहुधा पोसत नाहीत. म्हणून ज्याला वर्षानुवर्षं फुलं हवीत त्याने डॅफोडिल लावावं. विषारी असल्याने हरणं आणि खारीही त्याच्या वाटेला जात नाहीत.

करायचं फार नाहीच. सुकलेलं फूल तेवढं खुडा, म्हणजे झाड बी धरण्यात ताकद घालवत नाही. हिरवळीचं नत्रवालं खत वाफ्यात टाकू नका, नुसता पाला माजतो. पाणी साचू देऊ नका. पानं निदान सहा आठवडे, खरं तर आपण होऊन पिवळी पडून हातात येईपर्यंत राहू द्या. डोळ्यांना खुपत असतील तर पुढे होस्टा लावा; त्याची रुंद पानं मे महिन्यात बरोबर वर येतात आणि म्हाताऱ्या पातीला झाकून घेतात. कापायचं नाही, बांधायचं नाही. फक्त थांबायचं.

पण थांबणंच आपल्याला जमत नाही. फुललेलं सगळ्यांना दारात हवं असतं. कमावून थकलेलं, पिवळं पडलेलं कुणाच्या नजरेसमोर नको. वाफ्यापुरतंच बोलतोय असं नाही, हे आपल्या सगळ्यांच्याच लक्षात आलं असेल.

असो. 2020 नंतर कात्री लावली नाही. 2021 ला एकोणीस आली, 2022 ला चाळीसच्या घरात. आईचे गुडघे आता विमानप्रवासाला नाही म्हणतात, त्यामुळे तिने लावलेली फुलं ती फोटोतच बघणार. फोटो आला की आधी गाडी तपासते, मग फुलं मोजते.

मंडळाला उत्तर धाडलंय. जूनच्या मध्यापर्यंत पानं हलणार नाहीत, दंड लावायचा तर लावा.