गोष्ट हातांनी घडली पाहिजे

हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या जन्माला २००५ मध्ये दोनशे वर्षं झाली. त्या वर्षी त्याच्याच देशातल्या, डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीनं त्याच्या परीकथांवर ठोकळ्यांचे संच काढले. हिमराणी, चकमकीची पेटी, वाटाण्यावरची राजकन्या, थंबेलिना. हे संच ‘बेलव्हिल’ या मालिकेतले. मुलींसाठी म्हणून ती मालिका १९९४ पासून चालू होती आणि २००८ च्या सुमारास थांबली. आज जुनी खेळणी जमवणाऱ्यांपुढे या संचांचं नाव काढलं, की बहुतेक जण नाक मुरडतात. रंग गुलाबी, तुकडे मोठे, बांधायला काही नाही, असा निकाल ठरलेला असतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडी चालवण्यात आयुष्य घालवलं आणि बांधकामाची जुनी खेळणी जमवते. माझ्याकडे लाकडी ठोकळे आहेत, पट्ट्या आणि नटबोल्टांचं मेकॅनिक्स आहे आणि परदेशातून परतलेल्या भाचीनं दिलेला बेलव्हिलच्या सुट्या तुकड्यांचा एक डबा आहे. खोकं नाही, पुस्तिका नाही. पुण्यातल्या एका जाणत्या संग्राहकानं तो डबा पाहिला आणि ‘याला किंमत नाही’ एवढंच म्हटलं. हा निकाल मला मान्य नाही, पण त्यामागचा आक्षेप खोटा नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते.

लेगोचा पिवळा किल्ला १९७८ सालचा. संग्राहक आजही त्याचं नाव आदरानं घेतात, ते योग्यच आहे. त्यातली भिंत लहान लहान ठोकळ्यांनी थरावर थर चढत जाते. शिपायांचे घोडेसुद्धा ठोकळे जोडूनच उभे करावे लागतात. बेलव्हिलमध्ये भिंतीचा मोठा तुकडा आयता हातात येतो. बाहुल्यांना कापडी कपडे असतात आणि त्या नेहमीच्या लेगो-माणसापेक्षा कितीतरी मोठ्या, त्यामुळे दुसऱ्या किल्ल्याच्या दारातून आत जात नाहीत. मुलींना बांधायला कमी आणि सजवायला जास्त द्यायचं, हा त्यामागचा विचार मला तेव्हाही पटला नसता, आजही पटत नाही. माझ्या वर्गात सगळ्यांत उंच मनोरा रचणाऱ्या बहुतेक वेळा मुलीच असायच्या.

मात्र तुकडे मोजून परीकथेच्या खेळण्याची पारख होत नाही. त्यातली गोष्ट मुलाच्या हातांनी घडते का, हे पाहावं लागतं. किल्ल्याच्या संचात भिंत उभी राहिली की काम झालं. परीकथेच्या संचात भिंत उभी राहिल्यावर काहीतरी घडायला हवं. कोणीतरी आत यायला हवं, काहीतरी पडायला हवं, काहीतरी लपवलेलं सापडायला हवं.

वाटाण्यावरच्या राजकन्येचंच घ्या. एक वाटाणा, त्यावर वीस गाद्या, त्यावर वीस पिसांच्या दुलया. ही गोष्टच मुळी रचण्याची आहे. आमच्या भागात टॉवेलचे कारखाने गल्लोगल्ली. काठाचे कापलेले तुकडे मागितले की कोणीही पिशवीभर देतं. मी ते घड्या घालून मुलांपुढे ठेवायची आणि खाली एक सुका वाटाणा. एक घडी ठेवली की हात दाबून बघायचं, वाटाणा लागतो का. आणखी एक ठेवायची, पुन्हा दाबायचं. कुठल्या घडीला वाटाणा लागेनासा होतो यावर मुलं हिरिरीनं भांडायची. एखादी म्हणायची, ‘मला अजून लागतोय.’ ती राजकन्या! वीस गाद्यांचा आकडा मोठा का आहे, हे त्यांना मी कधी समजावून सांगितलं नाही. त्यांच्या तळहाताला ते कळलेलं असायचं.

त्या वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड. जून महिन्यात माझं मराठी त्यांना फारसं कळायचं नाही. शब्दांत सांगितलेली गोष्ट अर्ध्या वर्गापर्यंत पोचायची, पण रचलेली गोष्ट सगळ्यांपर्यंत जायची. म्हणून बांधकामाच्या खेळण्याला मी करमणुकीची वस्तू मानत नाही. आमच्यासारख्या तीन-चार भाषांच्या शहरात ते शिक्षणाचं पहिलं साधन आहे.

आणि घर बांधण्याची गोष्ट मराठीत तर सातशे वर्षांहून जुनी आहे. चिमणीचं मेणाचं घर आणि कावळ्याचं शेणाचं घर कोणाला ठाऊक नाही? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लिहिलेल्या लीळाचरित्रात ती सापडते. तिथं चिमणीच्या जागी साळई आहे, कावळा मात्र तोच. दोन माल, दोन घरं, एक पाऊस. बांधकामाचं खेळणं करायला याहून सोपी, याहून पूर्ण गोष्ट मला जगात दुसरी दिसत नाही.

आम्ही ती परातीत करायचो. एका बाजूला शेण आणि काळ्या मातीचं घर, दुसऱ्या बाजूला वितळलेल्या मेणबत्त्यांचं. छपराला काड्या, दाराला पुठ्ठा. मग तांब्यानं पाऊस. शेणाचं घर बसलं की वर्ग एकदम गप्प व्हायचा आणि लगेच कोणीतरी कावळ्याला घेऊन चिमणीच्या दाराशी न्यायचं. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, ‘बाई, उन्हाळ्यात चिमणीचं घर वितळणार नाही का?’ सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या पोरीलाच हा प्रश्न सुचणार. आम्ही दोन्ही घरं पुन्हा केली आणि परात अंगणात उन्हात ठेवली. दुपारपर्यंत मेणाची भिंत वाकली, शेणाचं घर कडक वाळून उभं. मग चिमणीनं कावळ्याचं दार ठोठावलं. ही पुढची गोष्ट कुठल्याही पुस्तकात नाही, ती त्या मुलांनी केली.

संग्राहकांशी माझं भांडण इथं आहे. ज्यांच्याकडे न उघडलेलं खोकं असतं त्यांना सर्वांत जास्त मान मिळतो. सील तुटलं की किंमत उतरते, तुकडा हरवला की आणखी उतरते. या लोकांचं ऋण मी नाकारत नाही. जुन्या पुस्तिका, तुकड्यांच्या याद्या, कुठल्या वर्षी कुठल्या रंगात काय निघालं, हे त्यांनी जपलं नसतं तर गेलंच असतं. पण अँडरसननं आपल्या गोष्टीच्या शेवटी काय केलंय ते त्यांनी पुन्हा वाचावं. तो वाटाणा संग्रहालयात ठेवला जातो. आधी गादीखाली त्याचं काम झालं, मग संग्रहालय. हाच क्रम बरोबर आहे. गादीखाली कधीच न गेलेला वाटाणा काचेत ठेवून काय दाखवणार?

सुट्या तुकड्यांना किंमत नाही हेही मला पटत नाही. लेगोनं आजच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला मागितलं आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. भाचीच्या डब्यातल्या गुलाबी भिंतीवर शेजारच्या मुलांनी सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या कोनांचे मनोरे चढवले. यंत्रमागाच्या गल्लीत कोन फुकट मिळतात आणि राजवाड्याच्या बुरुजाला त्याहून चांगला आकार नाही. बेलव्हिलची बाहुली ज्या किल्ल्यात मावत नव्हती, त्याच्याहून मोठा किल्ला तिला अर्ध्या तासात मिळाला.

आपल्याकडे काय जपलं जातं तेही बघा. भातुकली टिकली, कारण ती तांब्या-पितळेची. बांधकामाचं खेळणं टिकलं नाही, कारण ते मातीचं. दिवाळीतला किल्ला हे मराठी मुलांचं सर्वांत मोठं बांधकामाचं खेळणं. दगडविटा रचायच्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघरायचं, अळीव पेरायचे, सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो ढासळतो. मातीचे जुने मावळे जपून ठेवणारी घरं मला सोलापुरात मोजकीच भेटली, आणि तीही रंग उडालेले मावळे दाखवायला संकोचतात.

आता नवं काय बनतं तेही बघा. केंद्र सरकारनं २०२० मध्ये परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. इथल्या उत्पादकांना मोकळं मैदान मिळालं. तरी दुकानात जाऊन पाहिलं तर देशी ठोकळ्यांच्या खोक्यांवर परदेशी घाटाचेच मनोरे, तेच टोकदार कळस. चिऊ-काऊच्या घरांचा संच मला अजून कुठं दिसलेला नाही. भोपळ्यातून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीचा नाही. भोपळा उघडणारा हवा, म्हातारी आत मावणारी हवी, रस्ता मुलांनी रचायचा आणि वाघ-कोल्हा कुठं दबा धरून बसणार तेही मुलांनीच ठरवायचं. यात अवघड काय आहे? सावंतवाडीच्या लाकडी खेळणी करणाऱ्यांचा हात या कामाला लागला तर जगापुढं ठेवावी अशी वस्तू होईल.

खेळणी बनवणाऱ्यांनी चिऊ-काऊच्या घरांचा संच करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्यात दोन गोष्टी मात्र सांभाळा. पावसात पडणारं घर खरंच पडू द्या, आणि ते मुलाला पुन्हा बांधता येऊ द्या. भिंती आयत्या देऊ नका.

आणि घरात माळ्यावर ठोकळ्यांचा जुना डबा असेल तर तो दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. खोकं फाटलेलं असलं, चार तुकडे हरवलेले असले तरी चालेल. धुऊन, वाळवून जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. अंगणवाडीच्या बाई त्याचं काय करायचं ते बघून घेतील.