ठिणगीचं तोंड कुणीकडे?

दोस्तांनो, जुन्या मोटारींचं प्रदर्शन पाहायला गेलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. एखाद्या फियाटचं बॉनेट उघडलेलं असतं आणि दोन काका तावातावाने वाद घालत असतात. एक म्हणतो, "प्लगचं तोंड फिरवून बघ, पिकअप वाढतो की नाही!" दुसरा म्हणतो, "छे हो, सगळे मनाचे खेळ!"

यातलं खरं काय? चला, आज हाच वाद सोडवू या.

मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेली प्रीमियर पद्मिनी तुमच्या आईबाबांना चांगली आठवत असेल. काळ्या-पिवळ्या रंगातल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. पण हौशी लोकांनी आपापल्या पद्मिनी अजून जपून ठेवल्या आहेत. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. त्यात चार सिलिंडर आणि प्रत्येकात एक स्पार्क प्लग. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी प्लग त्यात ठिणगी टाकतो. किती वेळा? हिशेब करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक प्लगची ठिणगी एकदाच लागते. म्हणजे एका प्लगच्या सेकंदाला २५ ठिणग्या आणि चारांच्या मिळून १००!

आता प्लगचं टोक नीट पाहा. मधोमध एक छोटा दांडा असतो आणि बाजूने निघून त्याच्यावर वाकलेली एक पट्टी. दोघांमध्ये मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. ठिणगी पडते ती याच फटीत. ही फट तीन बाजूंनी उघडी, पण एका बाजूला पट्टीची आडभिंत. जन्मतःच ज्योत असते अगदी इवलीशी. पट्टी तिची थोडी उष्णताही शोषून घेते आणि वाटही अडवते. म्हणून हौशी मेकॅनिक म्हणतात, पट्टीची पाठ ताज्या मिश्रणाकडे नको. फटीची उघडी बाजू इनटेक व्हॉल्व्हकडे किंवा सिलिंडरच्या मोकळ्या भागाकडे हवी.

पण प्लग तर आट्यांवर फिरवून बसवायचा. घट्ट झाल्यावर पट्टी कुठे तोंड करून थांबेल, हा निव्वळ नशिबाचा भाग! मग करायचं काय? प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीच्या भागावर, फटीच्या उघड्या बाजूच्या सरळ रेषेत, पेनाने खूण करायची. प्लग आत गेल्यावर टोक दिसत नाही, पण खूण दिसते. ती चुकीच्या दिशेला थांबली, तर प्लगचा मूळ वॉशर काढून वेगळ्या जाडीचा तांब्याचा वॉशर घालायचा. नेहमीच्या १४ मिलिमीटर प्लगचे आटे असे असतात, की एका पूर्ण फेऱ्यात तो १.२५ मिलिमीटर आत जातो. म्हणजे पाव फेरा मागे थांबवायचा, तर वॉशर ०.३ मिलिमीटरहून किंचित जास्त जाड हवा.

पटत नाही? मग करून पाहा! ८ मिलिमीटरचा साधा बोल्ट आणि नट आणा. गंमत म्हणजे त्याचेही आटे फेऱ्याला १.२५ मिलिमीटरचेच असतात. भोक असलेल्या लाकडी पट्टीतून बोल्ट घाला. खालचा नट पान्याने घट्ट धरा आणि वरून बोल्ट पिळा. तो थांबला, की त्याच्या डोक्यावर घड्याळातल्या १२च्या जागी खूण करा. आता बोल्ट काढा, वहीच्या कागदाची एक गोल चकती भोक पाडून डोक्याखाली घाला आणि तेवढाच जोर लावून पिळा. कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, त्यामुळे खूण साधारण ११च्या आसपास थांबेल. दोन चकत्या घातल्या तर १०च्या आसपास! कागद दबतो, म्हणून थोडा फरक पडेलच.

मग पहिले काका जिंकले का? थांबा! युक्ती खरी आहे, पण तिचा फायदा फार छोटा. रेसच्या इंजिनांवर मेहनत घेणारे लोक ताकद मोजण्याच्या यंत्रावर, डायनोवर, इंजिन चढवून असे बारीक फरक शोधतात. रोजच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला तो बहुधा जाणवणारही नाही. उलट फट चुकलेली असेल, प्लगवर काजळी असेल किंवा टायमिंग बिघडलं असेल, तर गाडी सरळ मिसिंग मारते. त्यामुळे आधी ते सगळं ठीक करायचं आणि दिशेचा विचार शेवटी. घर गळत असताना आधी पडद्याचा रंग कोण निवडतो?

यात धोकाही आहे. खूण हव्या त्या जागी यावी म्हणून प्लग जोराने पिळला, तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात आणि खर्च अंगावर येतो. खूण जुळली म्हणून प्लग ढिला ठेवला, तर तो नीट टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो भलताच तापतो. म्हणून दिशा वॉशरने जुळवायची, जोराने नाही. आणि हो, इंजिन थंड असताना, मोठ्यांच्या देखरेखीखालीच!

दुसऱ्या काकांनीही फार खूश होऊ नये. आजच्या काही इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तिथे फवाऱ्यासमोर पट्टी आडवी आली तर चालत नाही, म्हणून कारखान्यातच प्लगचे आटे असे पाडतात, की उघडी बाजू ठरलेल्या दिशेलाच थांबावी. हौशी मेकॅनिकांची जुनी खटपट अशी कारखान्यात पोचली.

असा वाद तुमच्यासमोर झाला तर एक करा. दोन्ही काकांना म्हणा, "एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच पेट्रोल, तोच रस्ता. आणि प्लग फिरवलेत की नाही, हे चालवणाऱ्याला सांगू नका!" मग उत्तर आवाज चढवून नाही, मोजून मिळेल.

बोल्टचा प्रयोग जमला का? तुमची खूण कुठे थांबली, ते पत्राने जरूर कळवा!