पहिले पान विकत मिळत नाही

नरखेड, काटोल आणि शेजारच्या वरूड-मोर्शी पट्ट्यातला संत्रा देशभर ‘नागपुरी’ या नावानेच विकला जातो. २०१४ साली ‘नागपूर संत्रा’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नावाला मान मिळाला म्हणून बागायतदाराच्या हाती भाव ठरवण्याची ताकद आलेली नाही. कितीतरी बागा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला ठोक्याने दिल्या जातात. पुढे तो माल कुठे गेला, कोणी खाल्ला, हे बागवाल्याला कळत नाही आणि खाणाऱ्यालाही बागवाला माहीत नसतो. मोजक्या गिऱ्हाइकांवर विसंबून राहण्याचा फटका या पट्ट्याने अलीकडेच सोसला आहे. बांगलादेश हा इथल्या संत्र्याचा मोठा खरेदीदार. २०१९ मध्ये किलोमागे २० टाका असलेले आयात शुल्क त्या देशाने टप्प्याटप्प्याने वाढवत २०२३ च्या अखेरीस ८८ टाकांवर नेले, आणि निर्यात आटताच इकडचे भाव कोसळले. नवे गिऱ्हाईक शोधणे ही तेव्हापासून इथली निकड झाली आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, कलमांच्या नर्सऱ्या, संत्रा बर्फी किंवा रस करणारे छोटे उद्योग वेबसाइटकडे वळतात ते याच गरजेपोटी. अडचण पुढे येते. वेबसाइट तयार होते, उद्घाटन होते आणि तिच्यावर कोणी फिरकत नाही. मग फोन येऊ लागतात: महिन्याला अमुक रक्कम द्या, गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी आमची. माझे म्हणणे असे की ही गॅरंटी विकत घेऊ नये. शोधात सापडण्याची मूळ कामे मालकाने स्वतः करण्यासारखी आहेत आणि त्यांचा गाभा एकच आहे: आपल्या मालाची, गावाची आणि हंगामाची खरी, नेमकी माहिती गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहिणे.

हे पटण्यासाठी शोधयंत्र कसे चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. गूगलसारख्या शोधयंत्राचे प्रोग्राम दुव्यांवरून दुव्यांवर जात इंटरनेटवरची पाने वाचतात, त्यांतल्या मजकुराची सूची करून ठेवतात, आणि कोणी प्रश्न टाइप केला की त्या सूचीतून सर्वांत जुळणारी पाने क्रमाने मांडतात. १९९८ मध्ये गूगल कंपनी सुरू झाली तेव्हा तिचे वेगळेपण हे होते, की एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या दर्जाची पाने बोट दाखवतात, यावरून ती त्या पानाचे वजन ठरवत असे. आज क्रम लावताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, पण तत्त्व तेच आहे: विचारणाऱ्याला उपयोगी पडेल ते पान वर. वरच्या काही जागा पैसे घेऊन दिल्या जातात, पण त्यांवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते आणि पैसे थांबले की ती जागाही जाते. त्याखालच्या निकालांत क्रम लावण्यासाठी आपण पैसे घेत नाही आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच जाहीर सांगितलेले आहे. हमी देणारे बरेचदा जे करतात ते निरुपयोगी तरी असते किंवा घातक तरी. पानाच्या कोडमध्ये ‘कीवर्ड’ची यादी भरणे हा त्यातला जुना प्रकार. क्रम लावताना ही यादी आपण पाहतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले होते. एकच शब्द पन्नास वेळा लिहिणे, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर दडवणे, दुवे विकत घेणे हे तर नियमभंगातच मोडते आणि त्यापायी वेबसाइट शोधातून बाहेरही फेकली जाऊ शकते.

मग मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत तालुक्यातल्या छोट्या व्यवसायाने वर यावे तरी कसे? उत्तर प्रश्नाच्या नेमकेपणात आहे. नुसते ‘ऑरेंज’ किंवा ‘नागपुरी संत्री’ असे शोधले की मोठी विक्री-पोर्टले, वृत्तपत्रे आणि विश्वकोश समोर येतात. तिथे नरखेडच्या छोट्या वेबसाइटने झुंजण्यात अर्थ नाही. पण खरा खरेदीदार एवढा मोघम प्रश्न क्वचितच विचारतो. नवी बाग लावणाऱ्या शेतकऱ्याला जंबेरी खुंटावरची कलमे हवी असतात की रंगपूर लाईमवरची, हे त्याच्या मनात पक्के असते. डोळा जमिनीपासून किती उंचीवर बांधला आहे, हेही तो विचारतो, कारण डोळा मातीजवळ असला की डिंक्याचा धोका वाढतो. बुकिंग कधी सुरू होते, कलमे पिशवीतली आहेत की जमिनीतली, गाडीभाडे कोणाचे, हे त्याचे पुढचे प्रश्न. नर्सरीचा मालक ही उत्तरे दिवसातून दहा वेळा फोनवर देत असतो, वेबसाइटवर मात्र ‘आमचे ध्येय ग्राहकांचे समाधान’ एवढेच वाक्य असते. फोनवरची तीच उत्तरे एकेका पानावर नीट लिहिली, तर त्या प्रश्नांपुरते पुण्यामुंबईच्या कंपनीपेक्षा हे पान वरचढ ठरू शकते, कारण ही माहिती त्या कंपनीकडे नसतेच. संत्रा विकणाऱ्या उत्पादक कंपनीलाही हेच लागू आहे. आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबरपासून, तर मृगाचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. दूरच्या खरेदीदाराला हे ठाऊक नसते आणि नेमके तेच त्याला हवे असते.

पानाच्या शीर्षकाचेही तसेच. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आणि शोधाच्या निकालात जी ओळ दिसते ती बहुतेक छोट्या वेबसाइटवर ‘होम’ किंवा ‘वेलकम’ अशी असते. तिथे ‘संत्रा व मोसंबी कलमे, जंबेरी खुंट, नरखेड, जि. नागपूर’ असे लिहायला दहा मिनिटे लागतात. जिल्ह्याचे नाव हवेच, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातही नरखेड आहे आणि यंत्राने आपल्या मनातले गाव ओळखावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे असावे आणि पानात जे आहे तेच त्याने सांगावे. कोणी ‘संत्रा’ लिहितो, कोणी ‘संत्री’, कोणी हिंदी-इंग्रजीत शोधतो. म्हणून मराठी पानाबरोबर हिंदी आणि इंग्रजीतही नीट लिहिलेले एकेक पान ठेवावे.

मराठी वेबसाइटचे एक दुखणे मात्र खास आपले आहे. तालुक्याच्या ठिकाणी मजकूर जुळवणारा बहुधा छपाईच्या धंद्यातून आलेला असतो आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये काम करतो. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चढवला तर शोधयंत्राला त्यात ‘संत्रा’ हा शब्द कुठेच सापडत नाही. यावर तोडगा म्हणून अनेक जण अख्खे पत्रक फोटो म्हणून टाकतात. त्याने डोळ्यांचे काम भागते, शोधाचे नाही. महत्त्वाचा मजकूर चित्रात कोंडू नये, असा गूगलचाही सल्ला आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे आणि आज प्रत्येक मोबाइलवर युनिकोड मराठी लिहिता येते. दरपत्रक, पत्ता, हंगामाचे वेळापत्रक हे सारे साध्या युनिकोड मजकुरात असावे. फोटोही हवेत, पण आपल्या बागेचे, आकाराने हलके आणि खाली ओळभर वर्णन लिहिलेले. गूगल आता वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्तीच प्रमाण मानते. त्यामुळे गावातल्या नेटवर साध्या फोनवर पान चटकन उघडते का, ही चाचणी मालकाने स्वतः घ्यावी.

यावर आक्षेप येतात आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा, की इथला धंदा ओळखीवर चालतो, व्हॉट्सॲप पुरते. ज्याचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतलेच आहे, त्या हार्डवेअर किंवा कृषी केंद्राला वेबसाइट नसली तरी चालेल, हे मला मान्य आहे. त्याने गूगल नकाशावरची आपली नोंद तेवढी नीट ठेवावी. ही नोंद फुकट असते. तिचा क्रम गूगल प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरवते: प्रश्नाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची ख्याती. नाव, पत्ता, फोन सगळीकडे सारखा असणे, वेळ खरी असणे आणि खऱ्या गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहिणे, एवढे पाळले तरी पुष्कळ. अभिप्राय विकत मात्र घेऊ नयेत. पण ज्याला तालुक्याबाहेर विकायचे आहे, त्याला व्हॉट्सॲप पुरत नाही. ग्रुपवरचा निरोप आधीच ओळखीच्या लोकांपर्यंत जातो आणि तासाभरात वर सरकतो. अनोळखी खरेदीदार तो शोधू शकत नाही, आणि आज या पट्ट्याला गरज आहे ती अनोळखी खरेदीदाराचीच.

दुसरा आक्षेप ताजा आहे. २०२४ पासून गूगल भारतातही अनेक प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर वरच देऊ लागले आहे. लोक पान उघडणारच नसतील तर ते लिहायचे कशाला? हा धोका खरा आहे, आणि ‘संत्र्याचे फायदे’ छापाची पाने लिहिणाऱ्यांना तो अधिक आहे. कुठेही मिळणारी माहिती यंत्र स्वतःच सांगून मोकळे होते. पण पाचशे कलमे किंवा दोन टन संत्रा घेणाऱ्याचे काम सारांश वाचून संपत नाही. त्याला दर विचारायचा असतो, माल पाहायचा असतो, कोणाला तरी फोन करायचा असतो. शिवाय ती उत्तरेही कुठल्या तरी पानांवरूनच येतात. जे कुठेच लिहिलेले नाही, ते यंत्रही सांगू शकत नाही. म्हणजे नव्या व्यवस्थेतही नेमक्या स्थानिक माहितीचे मोल टिकून आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा: शेती सांभाळून हे करायचे कोणी? काम संथ आहे हे खरे. बदल केल्यावर फळ दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागते, असे गूगलच्याच जाणकारांनी सांगितले आहे. म्हणून आंबियाची विक्री वाढवायची असेल तर पाने दिवाळीच्या तोंडावर लिहून उपयोग नाही, ती उन्हाळ्यात तयार हवीत. हा भार प्रत्येक बागायतदाराने एकट्याने उचलावा असे मी म्हणत नाही. उत्पादक कंपनीने सभासदांपैकी एका लिहित्या तरुणाकडे हे काम सोपवून त्याला मानधन द्यावे. कोणती पाने कुठल्या शब्दांनी शोधली जातात हे दाखवणारे गूगलचे सर्च कन्सोल फुकट आहे, ते त्याने दर महिन्याला पाहावे. नरखेड-काटोलच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून तालुक्यातले व्यवसाय वाटून द्यावेत. कृषी विभाग छाटणी, खत, फवारणीची प्रशिक्षणे घेतोच, त्यात विक्रीच्या या अंगालाही एक दिवस द्यावा. यातल्या एकाही कामाला मोठे भांडवल लागत नाही. महिन्याकाठी गॅरंटीवाल्याला जाणारा पैसा अशा एका तरुणावर खर्च झाला, तर लिहिलेली पाने आणि शिकलेला माणूस दोन्ही तालुक्यातच राहतील.